माझ्या अंगावरचा पोचा

टण्!

दुपारची वेळ होती. तान्हं बाळ एकदाचं झोपलं होतं. शिलाईचं मशीन थांबलं होतं, नळ बंद होता, आणि घरात अशी शांतता होती की तिला धक्का लावायची कुणाची छाती होऊ नये. नेमका तेव्हाच छोटीच्या हातातला चमचा सुटला आणि माझ्या अंगावर पडला.

आईने ओठांवर बोट ठेवलं. बाळ जरा चुळबुळलं आणि पुन्हा झोपलं. छोटीने जीभ चावली खरी, पण माझा आवाज तिला आवडला असावा. तिने चमचा उचलला आणि या वेळी मुद्दाम, अगदी हळू, माझ्या दुसऱ्या बाजूवर टेकवला.

धुम्.

"आई, हा दोन आवाजांत बोलतो," ती कुजबुजली. मग तिचं बोट माझ्या अंगावरच्या खळग्यात गेलं आणि तिथेच गोल फिरत राहिलं. "हा पोचा कसा गं पडला?"

मित्रांनो, हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली, ते माझं मला माहीत. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर एकेकाळी शिडाचं जहाज होतं. आता नुसतं शीड उरलं आहे, जहाज बोटांनी पुसून नेलं. माझ्या पोटात बटणं असतात, कारण या घरातली आई कपडे शिवते. आईने छोटीला जे सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. तिने गाळलं ते मी तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मी आधी नुसता सपाट पत्रा होतो. मग मला रंगवलं, कापलं, वाकवलं, कडा दुमडल्या आणि माझ्या पोटात बिस्किटं भरली. तेव्हा मला वाटलं की आता जन्माचं कल्याण झालं. बिस्किटं चार दिवसांत संपली. पण डबा चांगला आहे, टाकायला जीव होत नाही, म्हणून एका काकूने मला घासूनपुसून ओट्यावरच्या फळीवर ठेवलं आणि माझ्यात पीठ भरलं.

त्या घरात काका होते, काकू होती, आणि काकांच्या वारलेल्या भावाची दोन मुलं होती. थोरली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. मुलगी अंगाने इतकी बारीक आणि स्वभावाने इतकी तापट की गल्लीतली मुलं तिला काडी म्हणायची. आगपेटीतली काडी. जरा घासलं की भडका. पण घरात पाऊल टाकलं की तीच काडी ओली व्हायची. तिथे ती पेटत नसे, बोलतही नसे.

एका संध्याकाळी धाकट्याला फार भूक लागली. त्याने फळीवरून मला खाली ओढलं, आणि झाकण काढताना थोडं पीठ जमिनीवर सांडलं. तेवढ्यात काका घरात आले. काकांचा राग हा त्या घरातला आणखी एक माणूसच होता. त्याची जेवणाची वेळ नसे, झोपायची वेळ नसे. काकांनी मला उचललं आणि धाकट्याच्या रोखाने भिरकावलं.

मी पिठाने भरलेला होतो, जड होतो. मी थांबू शकलो नाही. डब्याला थांबता येत नाही. काडी मध्ये आली आणि मी तिच्या कोपरावर आदळलो. मला पोचा पडला तो असा. भिंतीने पाडला नाही, जमिनीने पाडला नाही. एका मुलीच्या हाडाने पाडला.

काकूने सांडलेलं पीठ भरून घेतलं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, कसला आवाज झाला हो? काकू म्हणाली, काही नाही, डबा पडला. शेजारीण गेली. काडीचा तो हात पुढे कधी पुरता सरळ झाला नाही.

आता मी कार्यशाळेकडे येतो, कारण माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तिथले आणि मोठी चूकही तिथलीच.

बसच्या डेपोमागे एक जुनी इमारत होती. खाली टायरचं दुकान, वर एक लांबट खोली. त्या खोलीत दर शनिवारी संगीताची आणि लेखनाची कार्यशाळा भरायची. तिथे येणारी मुलं शाळेतून गळालेली, एकदा पोलिसांनी पकडलेली, नाहीतर घर असून घर नसलेली. कार्यशाळा चालवणाऱ्या कार्यालयाच्या कागदांत त्यांना 'धोक्याच्या उंबरठ्यावरची मुलं' म्हणत. मुलांना ते कळलं होतं. त्यांच्यातला एक अखंड बडबडा होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. तो जिना चढतानाच ओरडायचा, "सरका, सरका, धोका आला!" आणि मग उंबरठ्यावर मुद्दाम उभा राहायचा. म्हणायचा, आमची जागा इथेच आहे, कागदावर लिहिलंय.

संगीत शिकवायला एक सर होते आणि लेखन शिकवायला एक ताई. सरांकडे वाद्यं नव्हती. ते म्हणाले, काही बिघडत नाही, घरातून काहीतरी वाजणारं घेऊन या. पुढच्या शनिवारी कुणी ताटली आणली, कुणी तुटकी छत्री आणली. रेडिओने किल्ल्यांचा जुडगा आणला. सर म्हणाले, अरे, मग घराला कुलूप कसं लावलंस? तो म्हणाला, "चोरण्यासारखा घरात मी एकटाच होतो, सर. मी तर इथे आलोय."

एका मुलीने काहीच आणलं नव्हतं. तिला आणायची गरजही नव्हती. ती बाकावर, भिंतीवर, स्वतःच्या गुडघ्यावर, जे मिळेल त्यावर बोटं वाजवत बसायची. तिचं नाव टकटक पडलं होतं. पोचा पडल्यावर पीठ दुसऱ्या डब्यात गेलं होतं, म्हणून काडीने घरून मला आणलं होतं. तिने मला टकटकपुढे ठेवलं आणि म्हणाली, हा वाजव.

हीच टकटक आज छोटीची आई आहे.

टकटकने मला आधी इथे वाजवलं, मग तिथे वाजवलं, आणि तिचं बोट पोच्यावर आलं. धुम्. सरांनी कान टवकारले. ते जवळ आले, मला उचलून उलटसुलट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. ते म्हणाले, अरे, या पोच्यातच खरी गंमत आहे. सपाट बाजूला टण् आणि पोच्याच्या कडेला धुम्, एका डब्यात दोन वाद्यं. हा पोचा कुणी ठोकून सरळ करू नका.

मला काय वाटलं असेल, सांगा. ज्याची लाज वाटावी त्याचंच कौतुक झालं. मी फुशारलो. काडी मात्र सरांकडे बघत राहिली. ते पुढचा प्रश्न विचारतील असं तिला वाटत होतं. पुढचा प्रश्न आला नाही. सर छत्रीकडे वळले होते.

लेखनाच्या ताई फार समजूतदार होत्या. हे मी मनापासून सांगतो. 'मी' हा शब्द या मुलांना उचलवत नाही, हे त्यांना कळलं होतं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. त्या म्हणाल्या, तुम्ही स्वतःबद्दल लिहूच नका. तुम्ही आणलेली वस्तू बोलते आहे असं लिहा. आणि फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी एक नियम लिहून ठेवला होता. तो कधी पुसत नसत. 'लिहिलेलं खरं की खोटं, हे कुणी विचारायचं नाही.'

नियमाला कारण होतं. पूर्वी एका मुलाने आपल्या बापाविषयी लिहिलं होतं, आणि बाकीच्यांनी जिन्यात गाठून त्याला खोदून खोदून विचारलं, चिडवलं. तो मुलगा पुन्हा आला नाही. त्या मुलाच्या आठवणीने ताईंनी तो नियम केला होता. मुलांना त्याचा आधार वाटायचा. रेडिओने किल्ल्यांची कहाणी लिहिली, त्यात एक किल्ली तिचं कुलूप हरवलं म्हणून रडत होती. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. सगळे गप्प बसले आणि त्या गप्प बसण्यात माया होती.

मग काडी लिहायला बसली. ती लिहिताना मला शेजारी घ्यायची आणि दुखरा हात टेकवायला माझा आधार घ्यायची. तिचं कोपर माझ्या पोच्यात बरोबर बसायचं. बशीत कप बसतो तसं. टकटक समोरच असायची. दर शनिवारी ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. पण ती बोटांनी ताल धरत असायची, आणि ताल धरणारी माणसं पुष्कळदा डोळे मिटून घेतात.

आणखी एक सांगतो. मला बाकावर ठेवताना काडी पोच्याची बाजू नेहमी लोकांकडे करायची. मला वाटायचं ही मला चिडवते आहे. चांगली जहाजाची बाजू सोडून हे काय दाखवायचं? मी डबा, मला काय कळणार? माणसांना कळायला हवं होतं.

वर्षाच्या शेवटी कार्यक्रम ठरला. खुर्च्या मांडल्या, पाहुणे आले, एक मोठे साहेब पहिल्या रांगेत बसले. जोडी जोडीने सादर करायचं होतं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने वाजवायचं. काडी वाचणार होती आणि टकटक मला वाजवणार होती. दोघींनी तालीम इतकी केली होती की वाक्य कुठे संपतं हे माझ्या पत्र्यालाही पाठ झालं होतं.

काडी उभी राहिली. तिने वाचलं ते मला जसंच्या तसं आठवतं.

"मी एक डबा आहे. मला पोचा आहे. ज्या दिवशी तो पडला त्या दिवशी घरातल्यांनी आधी पीठ गोळा केलं."

टण्, टण्.

"शेजारणीने विचारलं, कसला आवाज झाला. तिला सांगितलं, डबा पडला. डबे आपोआप पडत नाहीत."

धुम्!

लोक हसले.

मित्रांनो, त्यांचा दोष काढू नका. तो धुम् इतका नेमका आला होता, इतक्या झोकात आला होता की हसू येणारच. टकटकलाही हसू ऐकून बळ चढलं. पुढच्या प्रत्येक वाक्यानंतर तिने मला आणखी रंगात येऊन वाजवलं. आणि मीही वाजलो. त्या दिवशी जितका गोड वाजलो तितका जन्मात पुन्हा वाजलो नाही. काडीचा आवाज बारीक होत गेला, माझा मोठा होत गेला. तिचं शेवटचं वाक्य होतं, "डब्याला दुखत नाही असं सगळ्यांना वाटतं, म्हणून मी डब्याच्या तोंडून सांगते आहे." ते टाळ्यांच्या कडकडाटात बुडालं. पहिल्या रांगेलाही ते ऐकू गेलं असेल की नाही, शंका आहे. मला गेलं. मी तिच्या सगळ्यात जवळ होतो.

साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, काय कल्पनाशक्ती आहे पोरीची, डब्याला बोलतं केलं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. सरांनी टकटकच्या डोक्यावर हात ठेवला.

लोक पांगले तरी काडी दारात उभीच होती. ताई खुर्च्या आवरत होत्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग जवळ जाऊन म्हणाली, "ताई, तुम्हाला काय वाटलं?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या मनात काहीतरी हललं होतं, हे मी पैजेवर सांगतो. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर फळ्याच्या कोपऱ्याकडे गेली. आपलाच नियम होता. मोडायचा कसा? मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "शेवट जरा लांबला गं. पण एकदम झकास."

काडी हसली आणि म्हणाली, बरं.

तिने मला उचललं आणि जिन्यात टकटकला गाठलं. "हा तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली. "तुला वाजवता येतो."

टकटक म्हणाली, अगं, पण घरी काकू ओरडेल ना? काडी म्हणाली, ओरडू दे. टकटकला वाटलं, मैत्रिणीने भेट दिली. ती खुशीत मला वाजवत वाजवत घरी घेऊन गेली. ती गल्लीच्या वळणाला पोचेपर्यंत काडी जिन्यात उभी होती.

पुढच्या शनिवारी काडी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रेडिओ त्या दिवशी पहिल्यांदा गप्प होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, तिचा काका आमच्या गल्लीत माहितीचा आहे, त्याच्या वाटेला कुणी जात नाही. ताईंनी हातातला खडू तसाच खाली ठेवला आणि तडक जिना उतरल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काडीच्या घराची खोली रिकामी होती. ते सगळे कुठे गेले ते शेजारणीला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की मध्ये एकदा त्यांच्या घरात डबा पडला होता.

ताई फळ्यापाशी गेल्या आणि कोपऱ्यातला नियम पुसला. हाताने पुसला, डस्टर शेजारी होतं तरी. त्यानंतर त्या प्रत्येक मुलाला वाचून झाल्यावर बाजूला घ्यायच्या आणि हळूच विचारायच्या, तुला हे कुणाला सांगायचं आहे का? पुष्कळांना सांगायचं नसायचं. काहींना असायचं. त्या काहींसाठी मला फार बरं वाटतं, आणि काडीसाठी तेवढंच वाईट वाटतं.

पुढे ती खोली टायरवाल्याने गोदामाला घेतली. सर कुठे गेले, ताई कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. टकटक मोठी झाली, शिवण शिकली, तिचं घर झालं. तिने मला कधी टाकलं नाही, पण पुन्हा वाजवलंही नाही. माझ्यात बटणं भरली, म्हणजे वाजवायचा प्रश्नच उरला नाही. तिची बोटं आजही मशीनच्या पाटावर ताल धरतात. पण माझ्यापाशी आली की थांबतात.

आणि आता कालची गोष्ट सांगतो.

काल एका गिऱ्हाइकाच्या झग्याला बटणं कमी पडली. जुळणारी मिळावीत म्हणून आईने मला पिशवीत टाकलं, बाळाला कडेवर घेतलं, छोटीचं बोट धरलं आणि ती बाजारात गेली. बटणांच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक बारीक बाई उभी होती. आईने मला फळीवर ठेवलं, झाकण काढलं आणि बटण दाखवलं. बाईने बटण पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"अजून आहे का हा?" ती म्हणाली.

"आहे."

"वाजतो?"

आई म्हणाली, वाजतो. बाईने मागच्या खणातून बटणांची पुडी काढली आणि ती सोडायला लागली. सोडताना आधार हवा म्हणून तिने न बघताच डावा हात माझ्यावर टेकवला. तिचं कोपर माझ्या पोच्यात बरोबर बसलं. बशीत कप बसतो तसं.

काल आईचे डोळे मिटलेले नव्हते. तिने ते कोपर पाहिलं. मग पोचा पाहिला. मग तिच्या हातातलं बटण खाली पडलं आणि दुकानभर घरंगळत गेलं. ते शोधायला छोटी खाली वाकली. एवढा वेळ मिळाला होता. एका प्रश्नाला किती वेळ लागतो? मी श्वास रोखून बसलो होतो. डब्याला श्वास नसतो, तरीही.

आई म्हणाली, "या मापाची अजून मिळतील का?"

बाई म्हणाली, मिळतील. ती हसलीसुद्धा. तेच हसू मी एकदा पाहिलं होतं, ताईंपुढे, रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये.

हे सगळं आईने आज छोटीला सांगितलं. तिच्या परीने सांगितलं, टाके घालावेत तसं, थांबत थांबत. बाळाच्या पाळण्याची दोरी तिच्या एका हातात होती, पण पाळणा हलत नव्हता. सांगून झाल्यावर तिने माझ्या झाकणावरच्या शिडावरून अंगठा फिरवला.

मित्रांनो, माझं आता वय झालं. माझ्या तळाला गंज धरला आहे, झाकण नीट बसत नाही. मला घासा, पुसा, रंग द्या, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत एखादं मूल खुर्चीची, छत्रीची, नाहीतर डब्याची गोष्ट सांगेल. ती गोष्ट छान असेल तर जरूर टाळ्या वाजवा. पण टाळ्या वाजवून झाल्या की लगेच घरी जाऊ नका. ते मूल दारात उभं आहे का, तेवढं बघा. आणि जवळ जाऊन विचारा. त्याने सांगितलं नाही तर नाही सांगितलं, पण आपण विचारलं होतं एवढं त्याच्याजवळ राहील. पत्र्याला एकदा पोचा पडला की तो पत्रा आपणहून सरळ होत नाही. माणसांचं कसं असतं, मला माहीत नाही. मी फक्त एक कोपर जवळून पाहिलं आहे.

छोटीचं बोट अजून माझ्या पोच्यात होतं. मग तिने मान वर केली.

"ती कालची बटणवाली मावशी म्हणजेच काडी?"

आईने मान डोलावली.

"मग काल तू तिला का नाही विचारलंस?"